पुरावा समोर असूनही माणूस ‘नाही’ का म्हणतो?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुमचा मोठा भाऊ इंजिनिअर आहे, वाचणारा, विचार करणारा. त्याची मुलगी पंधरा महिन्यांची आहे. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीमुळे मुलांना ऑटिझम (स्वमग्नता) होतो, अशी त्याची पक्की समजूत झाली आहे आणि तो लस द्यायला तयार नाही. तुम्ही दोन रात्री जागून संशोधनं गोळा केलीत आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलीत. त्यानंतर दादा जास्तच अडून बसला. आता तो तुमचे फोनही घेत नाही. तुम्ही विचारता, शिकलेला माणूस डोळ्यांसमोरचा पुरावा नाकारतो कसा, आणि मी आता करू तरी काय?

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. गेली चोवीस वर्षं रुग्णालयात काम करते. डॉक्टरांनी सांगितलेलं ज्यांच्या गळी उतरत नाही, अशी माणसं माझ्याकडे पाठवली जातात. रिपोर्ट हातात असतो आणि तरी ‘हे माझं नाहीच’ म्हणतात. त्यामुळे दादा मला अनोळखी वाटत नाही. माझं उत्तर एका वाक्यात सांगायचं तर, तुमचं म्हणणं मान्य करायला दादाला फार मोठी किंमत मोजावी लागणार आहे, आणि ती कोणती हे तुम्ही त्याला अजून विचारलेलं नाही.

अशा वेळी आपण पटकन ‘पालथ्या घड्यावर पाणी’ म्हणून मोकळे होतो. मला हे वाक्य पटत नाही. माझ्यासमोर आलेला जवळजवळ प्रत्येक घडा सरळच होता, फक्त काठोकाठ भरलेला होता. आत काय भरलंय हे न बघता वरून ओतत राहिलं, की पाणी बाहेरच सांडणार.

एक गैरसमज आधी दूर करते, कारण तो तुमच्याही मनात दिसतो. ‘पुरावे दाखवले की माणूस उलट जास्त हट्टी होतो’ हे हल्ली सगळीकडे ठाम सत्य म्हणून सांगितलं जातं. त्याचा उगम ब्रेंडन नायहन आणि जेसन राइफलर यांच्या 2010 मधल्या प्रयोगांत आहे. इराककडे महासंहारक अस्त्रं सापडली नाहीत, ही दुरुस्ती वाचल्यावर काही लोकांची ‘अस्त्रं होतीच’ ही समजूत वाढलेली त्यांना आढळली होती. पुढे थॉमस वूड आणि ईथन पोर्टर यांनी 52 वेगवेगळे विषय घेऊन दहा हजारांहून अधिक लोकांवर हेच तपासलं आणि तो परिणाम जवळजवळ कुठेच मिळाला नाही. बहुतेक माणसं दुरुस्ती ऐकली की थोडी तरी सरकतात. तेव्हा तुम्ही पुरावे दिलेत हीच चूक झाली, असं मनाला लावून घेऊ नका.

मग अडतं कुठे? नायहन यांच्याच गटाचा 2014 चा एक अभ्यास तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळ जातो. अमेरिकेतल्या 1,759 पालकांना या लसीबद्दल वेगवेगळी माहिती दिली गेली. लसीमुळे ऑटिझम होत नाही हे ज्यांना समजावून सांगितलं, त्यांच्यातली ती गैरसमजूत खरोखरच कमी झाली. पण जे पालक आधीपासून लसीच्या सर्वांत विरोधात होते, त्यांची पुढच्या मुलाला लस देण्याची तयारी मात्र घटली. पुन्हा वाचा, कारण माझ्या सगळ्या कामाचं मर्म इथे आहे. माहिती आत गेली, मान्यही झाली, आणि निर्णय तरी विरुद्ध दिशेला गेला. म्हणजे त्या निर्णयाचा खांब माहितीवर उभा नव्हता. तो दुसऱ्याच कशावर तरी उभा होता आणि आपण नको तो खांब हलवत होतो.

हे ‘दुसरं काहीतरी’ कसं असतं ते एका रुग्णावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पन्नाशीचे गृहस्थ, हिशेबात चोख. मधुमेहतज्ज्ञांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं, कारण ते औषध सुरू करायलाच तयार नव्हते. त्यांच्या हातात प्लॅस्टिकची फाइल, त्यात तीन प्रयोगशाळांचे तीन रिपोर्ट. एचबीए1सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी. एकीकडे 9.1, दुसरीकडे 8.8, तिसरीकडे 9.3. तिन्ही आकड्यांखाली लाल पेनाने रेघ मारलेली. मला म्हणाले, “मॅडम, तिघांचं एकमत नाही. मशिनंच जुळत नाहीत, तर मी गोळी कशाच्या भरवशावर घेऊ?”

6.5 किंवा त्याहून जास्त आला की मधुमेह धरतात. तिन्ही आकडे त्याच्या कितीतरी पुढे होते. पण त्यांना तीन आकड्यांमधला फरक दिसत होता, त्यांच्यातलं साम्य दिसत नव्हतं.

याचा एक सुंदर प्रयोग पीटर डिट्टो आणि डेव्हिड लोपेझ यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक कागदी पट्टी दिली आणि लाळेतल्या एका एन्झाइमची तपासणी आहे असं सांगितलं. पट्टी साधी होती, रंग बदलणारच नव्हता. काहींना सांगितलं की रंग न बदलणं चांगलं, काहींना सांगितलं की रंग न बदलणं म्हणजे पुढे आजाराचा धोका. ज्यांच्यासाठी बातमी वाईट होती त्यांनी निकाल लागला असं मानायला जास्त वेळ लावला, पट्टी पुन्हा पुन्हा बुडवून पाहिली आणि तपासणीच्या अचूकतेवर जास्त शंका घेतली. बातमी हवी तशी असली की आपण ‘हे मानता येईल का?’ एवढंच विचारतो आणि एखादं कारण पुरतं. नको तशी असली की ‘हे मानलंच पाहिजे का?’ असं विचारतो, आणि मग एखादी फटही पुरते. दोन्ही वेळा आपण विचारच करत असतो. म्हणून तर नाकारणाऱ्याला आपण चिकित्सक आहोत असं अगदी मनापासून वाटतं.

तेव्हा मी त्या गृहस्थांना माझ्या मते फार नेमका प्रश्न विचारला. “आकडा 5.4 आला असता, तर तुम्ही आणखी दोन प्रयोगशाळांत गेला असता का?” प्रश्न तर्काला धरून होता. त्यांनी फाइल मिटली, नमस्कार केला आणि दोन महिने फिरकले नाहीत. तर्कात मी जिंकले होते, रुग्ण मात्र हातचा गेला होता.

पुढे बायकोच्या आग्रहाने ते पुन्हा आले. या वेळी मी फाइल उघडलीच नाही. विचारलं, “समजा, हे खरं निघालं. तर तुमच्या मनात सगळ्यात आधी काय येतं?” ते बराच वेळ गप्प होते. मग स्वतःच्या उजव्या पायाकडे बघून म्हणाले, “वडिलांचा घोट्यापासून कापला होता. नंतर ते तीन वर्षं कुणाशी बोलले नाहीत.” लाल रेघांमागे हे होतं. त्यांच्या लेखी ‘मला मधुमेह आहे’ या वाक्याचा अर्थ ‘मी वडिलांसारखा होणार’ असा होता. मग आम्ही आकड्यांबद्दल बोललोच नाही. वडिलांच्या वेळी काय झालं, जखम किती उशिरा लक्षात आली, आज पायाची तपासणी कशी होते, साखर ताब्यात असली तर पाय वाचण्याची शक्यता किती वाढते, याबद्दल बोललो. त्यांनी गोळी सुरू केली त्याच आठवड्यात. तीन प्रयोगशाळांचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा एकट्या माणसाच्या भीतीचा मामला झाला, शास्त्र शिकलेल्यांचं काय? शास्त्र शिकलेल्यांची तऱ्हा वेगळी नसते, आणि याचं मला माहीत असलेलं सगळ्यात विदारक उदाहरण डॉक्टरांचंच आहे.

व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुइणी. 1846 मध्ये पहिल्या विभागात सुमारे 11 टक्के बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात 3 टक्क्यांपेक्षा कमी. बायका पहिल्या विभागात जावं लागू नये म्हणून हातापाया पडत. इग्नाझ सेमेलवाइस हे तिथले तरुण डॉक्टर. मार्च 1847 मध्ये त्यांचे सहकारी याकोब कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून वारले, आणि त्यांच्या शरीरात तसेच बदल दिसले जसे दगावलेल्या बाळंतिणींच्या शरीरात दिसत. डॉक्टर आणि विद्यार्थी शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येत होते. सुइणी शवविच्छेदन करत नसत. सेमेलवाइस यांनी मे 1847 पासून क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये 18 टक्क्यांवर गेलेलं मृत्यूचं प्रमाण जूनमध्ये सुमारे 2 टक्क्यांवर आलं.

इतका स्वच्छ पुरावा वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच मिळतो. तरी बहुतेक ज्येष्ठांनी तो मानला नाही. त्यांच्याकडे त्या काळची कारणंही होती, आणि ती सगळीच खोटी नव्हती. आजार दूषित हवेने होतात असं सगळे शिकलेले होते, जंतूंचा सिद्धान्त अजून यायचा होता, आणि सेमेलवाइस यांनी आपलं सविस्तर पुस्तक 1861 पर्यंत काढलंच नाही. पण या कारणांच्या तळाशी एक गोष्ट होती. हे मान्य करणं म्हणजे ‘त्या बायका माझ्या हातांनी मेल्या’ असं स्वतःला सांगणं.

ते सांगणं किती जड असतं हे जर्मनीतल्या कील इथल्या गुस्ताव मिखाएलिस यांच्याकडे पाहिलं की कळतं. त्यांनी सेमेलवाइस यांची पद्धत लगेच स्वीकारली. तिचा गुण आला, आणि त्याच क्षणी त्यांना उमगलं की काही काळापूर्वी आपण स्वतः जिचं बाळंतपण केलं ती आपली नात्यातली बहीण कशाने गेली. या ओझ्याखाली ते खचले आणि 1848 मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. मी विद्यार्थ्यांना हे शिकवते तेव्हा वर्गात शांतता पसरते. नाकारणारे डॉक्टर ज्या दारातून आत जायला तयार नव्हते, त्या दारापलीकडे काय होतं ते मिखाएलिस यांनी पाहिलं. नाकारण्याचं समर्थन मी करत नाही. त्यापायी असंख्य बायका गेल्या. पण नाकारणाऱ्याला मूर्ख समजणं मी तिथपासून सोडून दिलं.

आणखी एक. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत सेमेलवाइस यांनी विरोधकांना जाहीर पत्रं लिहून खुनी म्हटलं. त्यांचा संताप मला समजतो. पण ज्या क्षणी पुराव्याला आरोप चिकटला, त्या क्षणी पुरावा मानणं म्हणजे गुन्हा कबूल करणं झालं. मग कोण मानणार?

हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाही, स्वतःवरून सांगते. माझ्या व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत अपघातातून वाचलेल्या माणसांना दोन-तीन दिवसांच्या आत बसवून घडलेला प्रसंग बारीकसारीक तपशिलांसह बोलायला लावायची पद्धत होती. मनात साचू न देता बाहेर काढलं की पुढे त्रास होत नाही, असं आम्ही शिकलो होतो. मी हे कितीतरी जणांसोबत केलं. मग अभ्यासांचे निष्कर्ष येऊ लागले. असं एकच सत्र घेतल्याने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, आणि काही अभ्यासांत तर ज्यांना सुरुवातीला आठवणींचा जास्त त्रास होता ते सत्र न घेतलेल्यांपेक्षा मागे राहिले होते. इंग्लंडमध्ये रस्ते अपघातातल्या जखमींचा तीन वर्षं पाठपुरावा करून 2000 मध्ये छापलेला अभ्यास मी तेव्हाच वाचला होता. वाचून मी काय केलं? त्यांचे समुपदेशक नीट शिकलेले नसतील म्हटलं. आमचे रुग्ण जाताना हात हातात घेऊन आभार मानतात, ते मी डोळ्यांनी पाहिलंय म्हटलं. मला ते मानायला जवळजवळ तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत मी ती सत्रं घेतच होते. त्याची खंत आजही आहे.

मला त्यातून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी बाहेर काढलं. त्यांनी नवीन अभ्यास दाखवला नाही. म्हणाले, “तू तेव्हा जे केलंस ते तेव्हाच्या ज्ञानाला धरून आणि मनापासून केलंस. आता उद्या अपघाताची केस आली तर तिच्यासाठी काय करशील?” मी तो अभ्यास त्या रात्री पुन्हा वाचला. तोच कागद होता. पण या वेळी त्यात माझ्यावरचा आरोप नव्हता, त्यामुळे त्यातले आकडे मला दिसले.

दादाच्या शिक्षणाबद्दल थोडं. तुम्हाला वाटतं की इंजिनिअर असून त्याला हे कळत कसं नाही. येल विद्यापीठातल्या डॅन कहान यांनी लोकांना एक आकड्यांचा तक्ता दिला. एका गटाला सांगितलं की हे त्वचेच्या मलमाच्या चाचणीचे आकडे आहेत, दुसऱ्याला सांगितलं की हे बंदूकबंदी आणि गुन्ह्यांचे आहेत. तक्ता फसवा होता, नीट गुणोत्तर काढल्याशिवाय बरोबर उत्तर येत नव्हतं. मलमाच्या बाबतीत गणित चांगलं असणाऱ्यांनी बरोबर उत्तर काढलं, तसंच व्हायला हवं. बंदुकांच्या बाबतीत मात्र गणितात हुशार असलेल्यांमध्येच राजकीय दुफळी सर्वांत रुंद निघाली. उत्तर आपल्या बाजूचं असलं की ते गणित करत, विरुद्ध असलं की पहिल्या नजरेला दिसणाऱ्या आकड्यावरच थांबत. बुद्धी तीक्ष्ण असली की वकिलीही तीक्ष्ण होते. दादा तुमच्या प्रत्येक अभ्यासात खोट काढू शकतो, कारण खोट काढण्याचंच त्याचं शिक्षण आहे.

त्याच्या बाजूनेही एक गोष्ट बोलायला हवी. आधीच्या समजुतीला न जुळणारी माहिती लगेच न मानणं यात गैर काही नाही. उद्या कुणी मला सांगितलं की इंधनाशिवाय कायम चालणारं यंत्र बनवलंय, तर मीही आधी यंत्रातच खोट शोधेन. आणि ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्या तोंडून आलेला आकडा आपण सगळेच बाजूला ठेवतो. म्हणून पुरावा किती भक्कम आहे याच्या इतकंच तो कुणी, कुठे आणि कशा सुरात दिला हे महत्त्वाचं ठरतं.

तुम्ही तो ग्रुपवर दिलात. आईवडील, काका, वहिनी, सगळ्यांदेखत. आता दादाने मत बदललं तर ते लसीबद्दलचं मत राहत नाही, धाकट्यापुढे चारचौघांत तोंडघशी पडणं होतं. तुमचा हेतू तसा नव्हता, हे मला दिसतं. पण त्याच्यासाठी किंमत दुप्पट झाली.

मग आता काय करायचं? ग्रुपवर एक अक्षरही नको. आधी एकट्यात माफी मागा, आणि ती अर्धवट नको. ‘मी सगळ्यांसमोर टाकायला नको होतं’ एवढंच. ‘पण माझं म्हणणं बरोबर आहे’ हे शेपूट जोडलंत तर माफी वाया गेली. मग भेटा, आणि पहिल्या भेटीत काहीही पटवू नका. खरोखर नको. विचारा, “दादा, तुला कशाची भीती वाटते?” आणि ऐका. माझा अंदाज सांगते, पण तो अंदाजच आहे, तुम्ही विचारल्याशिवाय खरा धरू नका. लस न देता काही झालं तर ते नशिबाने झालं असं वाटतं. लस देऊन काही झालं तर ते ‘मी केलं’ असं वाटतं. आपल्या हाताने पोरीचं वाईट होईल ही भीती बापासाठी सगळ्यात मोठी असते. तो आत्ता तिचं रक्षण करतोय, असं त्याला वाटतंय. तुम्ही त्याच्याकडून ते रक्षणच काढून घेत होता.

त्याने सांगितलं की ते स्वतःच्या शब्दांत त्याला परत सांगा, इतकं नेमकं की तो म्हणेल, “हो, हेच.” त्यानंतर विचारा, “लस सुरक्षित आहे असं तुला शून्य ते दहामध्ये किती वाटतं?” समजा, तो म्हणाला तीन. तुमच्या जिभेवर ‘एवढं कमी का?’ येईल. ते गिळा. विचारा, “शून्य का नाही?” पहिल्या प्रश्नाला तो लसीविरुद्ध वकिली करेल, दुसऱ्याला लसीच्या बाजूने, आणि माणसाला स्वतःच्या तोंडून निघालेलं कारण सगळ्यात जास्त पटतं. ही युक्ती नाही. अमेरिकी मानसतज्ज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये दारूच्या व्यसनावर काम करताना मांडलेल्या आणि पुढे स्टीफन रोल्निक यांच्यासोबत वाढवलेल्या संवादपद्धतीचा हा भाग आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात प्रसूतिगृहांत नव्या पालकांशी लसीबद्दल याच पद्धतीने बोललं जातं आणि तिथे लसीकरणाची तयारी वाढलेली दिसली आहे. पण समोरच्याबद्दल खरी उत्सुकता नसेल तर ती लगेच उघडी पडते, म्हणून ढोंगाने करू नका.

मग, त्याने विचारलं तरच किंवा तुम्ही “मला जे कळलंय ते सांगू का?” असं विचारून त्याने हो म्हटलं तरच, माहिती द्या. सहा संशोधनं नकोत. एक द्या आणि त्यासोबत एक स्पष्टीकरण द्या. या स्पष्टीकरणावर माझा फार जोर आहे, त्याचं कारण सांगते. हॉलिन जॉन्सन आणि कॉलीन सीफर्ट यांनी 1994 मध्ये लोकांना गोदामाला लागलेल्या आगीची गोष्ट टप्प्याटप्प्याने वाचायला दिली. आधी सांगितलं की कपाटात तैलरंग आणि गॅसचे सिलिंडर होते. नंतर सांगितलं की ती बातमी चुकीची, कपाट रिकामं होतं. लोकांना दुरुस्ती आठवत होती, तरी धूर काळा का होता असं विचारलं की ते तैलरंगाकडेच वळत. पण जाळपोळीचं साहित्य सापडलं असं दुसरं कारण दिलं, तेव्हा रंगाची आठवण मागे पडली. समजूत नुसती काढून घेतली तर मनात खड्डा राहतो, आणि त्या खड्ड्यात जुनीच समजूत परत येऊन बसते.

दादाच्या मनातला खड्डा कोणता? त्याने बहुधा अशा पालकांचे व्हिडिओ पाहिले असतील, जे रडत सांगतात की लस दिली आणि पोर बोलायचं थांबलं. ते पालक खोटं बोलत नाहीत. त्यांनी तसंच पाहिलेलं असतं. म्हणून ‘सगळं खोटं आहे’ म्हणू नका. असं सांगा की, ऑटिझमची लक्षणं पालकांच्या लक्षात यायला लागतात ते वय आणि या लसीचे सुरुवातीचे डोस द्यायचं वय जवळपास एकच, साधारण पहिल्या दोन वर्षांतलं. काही मुलं याच वयात शिकलेले शब्दही गमावतात, लस दिलेली असो वा नसो. लस ही तारीख लक्षात राहणारी घटना, म्हणून मन ती पकडतं. हे खरं की खोटं तपासायचं तर लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांची तुलना करायची. डेन्मार्कमध्ये ती 2019 मध्ये 6 लाख 57 हजार मुलांवर केली गेली आणि लस घेतलेल्यांत ऑटिझमचं प्रमाण जास्त आढळलं नाही. हा एक अभ्यास पुरे.

ही लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा 1998 चा मूळ शोधनिबंध 12 मुलांवर आधारलेला होता, द लॅन्सेट या नियतकालिकाने तो 2010 मध्ये मागे घेतला आणि तो लिहिणारे डॉक्टर अँड्र्यू वेकफील्ड यांचं नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढलं गेलं, हे सगळं खरं आहे. पण ते पहिल्यांदा नका काढू. ‘तू एका लबाडावर विश्वास ठेवलास’ असं त्याला ऐकू येईल आणि आपण पुन्हा सेमेलवाइस यांच्या पत्रांपाशी येऊ. दादाने स्वतः तो विषय काढला तर शांतपणे सांगा.

माघार घ्यायला त्याला वाट ठेवा. “तू थांबलास कारण तुला खात्री करायची होती, आता खात्री करून देऊया” हे वाक्य त्याला बाप म्हणून उभं ठेवतं. बालरोगतज्ज्ञांना त्याचेच प्रश्न विचारायला त्यालाच जाऊ द्या. हवं तर लसीनंतरचा अर्धा तास दवाखान्यात बसून राहू, ताप आला तर कुणाला फोन करायचा ते आधीच लिहून ठेवू, अशा बारीक गोष्टी ठरवा. भीतीला हाताला धरायला काहीतरी लागतं. वहिनींना गुपचूप आपल्या बाजूला वळवायचा मोह होईल, तो टाळा. दोघांत फूट पडली की लस बाजूला राहते आणि भांडण मुलीभोवती सुरू होतं.

यात वेळेची अडचण आहे, ती लपवत नाही. गोवर फार वेगाने पसरतो. कुणालाच संरक्षण नसेल तर एका रुग्णापासून 12 ते 18 जणांना होऊ शकतो, म्हणून 95 टक्के मुलांना लस मिळायला हवी असं धरतात. दोन डोस मिळून जवळपास 97 टक्के संरक्षण देतात. मुलीचा पहिला डोस आधीच लांबला आहे, म्हणजे तुमच्याकडे वर्षभर नाही. पण दोन-तीन भेटींचा अवकाश आहे, आणि घाई करून दार पुन्हा बंद झालं तर तोही जाईल. आसपास गोवराची साथ असल्याचं कळलं तर मात्र थांबू नका, सरळ बालरोगतज्ज्ञांना गाठा आणि दादाशी त्यांनाच बोलू द्या.

काही माणसं हे सगळं करूनही हलत नाहीत. माझ्याकडेही असे रुग्ण आहेत. ज्यांची सगळी ओळख, सगळी मित्रमंडळी एका समजुतीभोवती उभी आहे, त्यांना ती सोडली की घरच राहत नाही. दादा त्यातला वाटत नाही. माझ्या अंदाजाने तो एकटा पडलाय, रात्री व्हिडिओ बघतो, आणि घाबरलेला आहे.

आज त्याला फोन करू नका, तो उचलणार नाही आणि तुम्हाला राग येईल. एक मेसेज पाठवा, त्याच्या एकट्याच्या नंबरवर: “दादा, ग्रुपवर टाकलं ते चुकलं माझं. मला तुझं म्हणणं नीट ऐकायचं आहे. कधी येऊ?” त्यात लसीचा उल्लेखही नको. उत्तराला दोन दिवस लागले तरी दुसरा मेसेज पाठवू नका. आणि तो भेटून काय म्हणाला, विशेषतः भीतीच्या प्रश्नाला काय म्हणाला, ते मला कळवा. पुढचं त्यावरून ठरवू.